परिचारिकेचा थकवा आणि सुगंधाची फुंकर
(व्याख्यानाचा पाठ)



रुग्णालयात आप्ताच्या उशाशी ज्याने एखादी तरी रात्र जागून काढली आहे, त्याला पहाटे तीनचा प्रहर चांगला ठाऊक असतो. दिवे मंद केलेले असतात, कुणाची सलाइनची बाटली संपत आलेली असते, पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसण्याचा हट्ट धरतात, आणि त्याच वेळी कोपऱ्यातील यंत्र टूं-टूं करू लागते. या सर्वांना उत्तर देणारी व्यक्ती बहुधा एकच असते. "सिस्टर, जरा येता का?" या हाकेला "आलेच हं, दोन मिनिटं" असे उत्तर ती रात्रीत किती वेळा देते, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. सकाळी रुग्णाला उतार पडला की पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या टेबलावर जातो. रात्रभर जागलेली ती मुलगी तोवर पाळी संपवून बसच्या रांगेत उभी असते.

आजचा विषय तिच्याशी निगडित आहे. परिचारिकांच्या मनावरील ताण आणि त्यातून येणारी शिणवट हलकी करण्यासाठी सुगंधी तेलांचा, म्हणजेच अरोमाथेरपीचा, उपयोग होतो काय? वरवर पाहता हा विषय शौकिनांचा वाटेल. माणसे जिथे जीवन-मरणाच्या सीमेवर उभी आहेत, तिथे लॅव्हेंडरच्या वासाची चर्चा कशाला, अशीही शंका कुणाच्या मनात येईल. परंतु या लहानशा प्रश्नाचा धागा धरून पुढे गेले की तो फार मोठ्या प्रश्नापाशी नेऊन सोडतो.

प्रथम या शिणवटीचे स्वरूप पाहू. दिवसभराच्या श्रमाने येणारा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. झोपेनेही न जाणारा एक थकवा असतो आणि त्याला आता जगभर 'बर्नआउट' म्हणून ओळखतात. हा शब्द वैद्यकीय लेखनात रूढ केला तो न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली. दिवसाचा व्यवसाय आटोपून ते संध्याकाळी गरिबांसाठी चालणाऱ्या विनामूल्य दवाखान्यात सेवा देत असत. तेथील उत्साही कार्यकर्ते काही काळाने कोरडे, चिडखोर आणि निरुत्साही होत जातात, हे त्यांनी पाहिले आणि स्वतःही अनुभवले. पुढे कॅलिफोर्नियातील संशोधिका क्रिस्टिना मॅस्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये या अवस्थेची मोजपट्टी तयार केली. तिच्यात तीन गोष्टी मोजल्या जातात. भावना आटून जाणे ही पहिली. समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न पाहता 'सात नंबरची खाट' म्हणून पाहू लागणे ही दुसरी. आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे हा विश्वासच नाहीसा होणे ही तिसरी.

यातील दुसरी गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. एखादी परिचारिका तुटक बोलली की नातलग तिला उर्मट ठरवून मोकळे होतात. पुष्कळदा तो तिचा स्वभाव नसतो. समईतील तेल सरले की ज्योत वातीवरच जळू लागते, करपल्याचा वास येतो, काजळी धरते. त्यात वातीचा दोष कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, ती आजार म्हणून मात्र नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ चाललेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, या कामाशी निगडित घटनेच्या रूपात ती आहे. म्हणजे या दुखण्याचे मूळ व्यक्तीत न शोधता तिच्या कामात शोधावे, असा त्या नोंदीचा रोख आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता सुगंधाकडे वळू. 'अरोमाथेरपी' हा शब्द फ्रान्समधील लिऑन शहराचे रसायनज्ञ रने-मॉरिस गातफॉसे यांनी रूढ केला. याच नावाचा त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते की, प्रयोगशाळेत हात भाजताच त्यांनी तो शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या पिंपात बुडवला आणि चमत्कार घडला. कथा गोड आहे, पण खुद्द गातफॉसे यांनी लिहिलेली हकिकत निराळी आहे. १९१० साली प्रयोगशाळेत स्फोट झाला, पेटलेल्या अवस्थेत ते बाहेर हिरवळीवर लोळले, पुढे जखमांत गँगरीन शिरले आणि तेव्हा लॅव्हेंडरच्या अर्काने जखमा धुतल्यावर तो प्रकार थांबला, असे ते सांगतात. सुगंधी तेलांच्या बाजारात अशा गोड कथांचा सुकाळ आहे. म्हणून माल तपासून घेण्याची सवय इथेही सोडू नये.

या शास्त्राच्या इतिहासात एक परिचारिकाही आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या मार्गारीट मोरी यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. सुगंधी तेल पोटात न देता ते साध्या तेलात विरळ करून अंगाला हलके चोळावे, ही पद्धत त्यांनी प्रचारात आणली. १९६१ च्या त्यांच्या फ्रेंच ग्रंथाचे नाव मराठीत सांगायचे तर 'तारुण्याचे भांडवल' असे होते. व्यापारी समाजाला हे नाव ऐकून कौतुक वाटेल.

आपल्या देशात सुगंध नवा नाही. कनौजची अत्तरे तांब्याच्या देगेत फुले उकळून, ती वाफ बांबूच्या नळीने भपक्यात उतरवून तयार होतात. पहिल्या पावसाच्या मातीचा वासही तेथे बाटलीत भरतात. मात्र अत्तर आणि अरोमाथेरपीचे तेल एक नव्हे. अत्तरात परंपरेने चंदनाच्या तेलाचा आधार असतो, हल्ली पुष्कळदा खनिज तेलाचाही असतो. अरोमाथेरपीच्या तेलात केवळ त्या वनस्पतीचा अर्क अभिप्रेत असतो. गुलाबाचे एक किलो तेल काढण्यास तीन ते पाच हजार किलो फुले लागतात, यावरून स्वस्तात मिळणाऱ्या 'शुद्ध' गुलाबतेलाची पारख घरबसल्या करता येते. लॅव्हेंडर त्या मानाने सुसाध्य आहे. जम्मूतील भदरवाहच्या डोंगरउतारांवर, २०१६ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'अरोमा मिशन'नंतर मक्याच्या जागी लॅव्हेंडरची जांभळी शेते उभी राहिली आणि तेथील तेल देशाच्या बाजारात येऊ लागले.

वास मनावर काम करतो म्हणजे नेमके काय करतो? डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर जाते आणि तेथून पुढे वाटले जाते. वासाला ही चौकी लागत नाही. नाकाच्या वरच्या भागातील ग्राहक पेशींकडून तो थेट गंधकंदात आणि तेथून भीती व स्मृती यांची केंद्रे जिथे आहेत त्या भागात शिरतो. म्हणूनच ओल्या मातीचा वास येताच आजोळचे अंगण क्षणात समोर उभे राहते, नाव आठवायला मात्र वेळ लागतो. या ग्राहकांची गुंतागुंत उलगडल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लॅव्हेंडरमधील एक मुख्य द्रव्य म्हणजे लिनालूल. जपानच्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांना त्याचा नुसता वास देण्यात आला, तेव्हा त्यांची भीती कमी झाली आणि तोलही गेला नाही. ज्या उंदरांची घ्राणशक्ती आधीच नष्ट केली होती, त्यांच्यावर मात्र काहीही परिणाम झाला नाही. म्हणजे द्रव्य फुप्फुसांतून रक्तात जाऊन काम करत नव्हते, तर ते वासाच्या वाटेनेच काम करत होते. प्राण्यांना असे त्रास देऊन मिळवलेले ज्ञान ऐकताना या सभागृहातील अनेकांचे मन अस्वस्थ होईल, आणि ते योग्यच आहे. सुदैवाने परिचारिकांवरील प्रयोग त्यांच्या संमतीने झाले आहेत.

त्यातील एक तैवानमधील आहे. तीनहून अधिक ताणलक्षणे असलेल्या ११० परिचारिका निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. ५३ जणींच्या गणवेशावर छातीच्या उजव्या बाजूस एक छोटी बाटली टाचली, तिच्यात तीन टक्के लॅव्हेंडर तेल होते. उरलेल्या ५७ जणींनाही तशीच बाटली टाचली, पण तिच्यात लॅव्हेंडर नव्हते. मग नित्याचे काम चालू राहिले. पहिल्या गटातील ताणलक्षणांची सरासरी ६.१ वरून २.८ वर आली आणि हा परिणाम तीन-चार दिवस दिसला. दुसऱ्या गटात फरक पडला नाही, अपवाद फक्त पहिल्या दिवसाच्या अखेरीचा.

हा अपवाद फार बोलका आहे. ज्या बाटलीत लॅव्हेंडरच नव्हते, तिनेही पहिल्या दिवशी थोडा आराम दिला! कुणीतरी आपल्या थकव्याची दखल घेतली, जवळ येऊन काहीतरी टाचले, 'आज कसे वाटते' असे विचारले, एवढ्यानेही माणसाला बरे वाटते. तो आराम दुसऱ्या दिवशी टिकला नाही, लॅव्हेंडरचा टिकला. अर्थात, कोणत्या बाटलीला वास आहे हे नाकापासून लपवता येत नाही, त्यामुळे अशा प्रयोगांत श्रद्धेचा वाटा किती आणि तेलाचा किती, ही वाटणी कधीच काटेकोर होत नाही. प्रयोग अल्पकाळाचा होता आणि मोजणी परिचारिकांच्या स्वतःच्या उत्तरांवर होती, हेही ध्यानात ठेवावे. तरीही औषधाची गोळी न घेता, काम न थांबवता मिळालेला आराम क्षुल्लक म्हणता येणार नाही.

दुसरा प्रयोग अधिक विचारात पाडणारा आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील परिचारिकांवर तो केला आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली परिचर्येच्या एका मान्यवर नियतकालिकात आले. तातडीचा विभाग म्हणजे अपघात, हृदयविकार, मद्यधुंद माणसांचे तंटे आणि रडणारी मुले, सारे एकाच दारातून येणारे. तेथे बारा आठवडे उन्हाळ्यात आणि बारा आठवडे हिवाळ्यात, पंधरा-पंधरा मिनिटे, कानाला संगीत लावून सुगंधी तेलांसह मालिश देण्यात आली. एकूण ८६ परिचारिकांनी भाग घेतला आणि ३६५ वेळा मालिश झाली. आरंभी मध्यम ते तीव्र चिंता असलेल्यांचे प्रमाण उन्हाळ्यात ५४ टक्के आणि हिवाळ्यात ६५ टक्के होते. मालिशीनंतर दोन्ही ऋतूंत ते ८ टक्क्यांवर उतरले.

वृत्तपत्रांना एवढे पुरेसे असते, आणि बातमी इथेच संपते. पण हिशेबाची वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागते. त्याच अहवालात आणखी दोन निष्कर्ष आहेत. परिचारिकांच्या आजारपणाच्या रजांत काही फरक पडला नाही. आणि ज्याला व्यावसायिक ताण म्हणतात, म्हणजे कामाचा स्वतःचा ताण, त्याची मोजणी दोन्ही बारा आठवड्यांनंतर केली असता त्यातही फरक आढळला नाही. पंधरा मिनिटांची चिंता गेली. काम होते तिथेच राहिले.

यात सुगंधाचा पराभव नाही. फुंकर घातल्याने भाजलेल्या हाताची आग कमी होते, म्हणून आई फुंकर घालते. पण ती आधी मुलाचा हात चुलीपासून दूर ओढते. लग्नसमारंभात पाहुणा दारात येताच त्याच्या मनगटावर अत्तर लावतात, अंगावर गुलाबपाणी शिंपडतात, कारण त्यात आदर आहे. परंतु अत्तर लावून पाहुण्याला उपाशी परत पाठवणारा यजमान कुठल्या गावात मान मिळवेल? आज अनेक मोठ्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांसाठी 'तणावमुक्ती सप्ताह' साजरे होतात, सुगंधी मेणबत्त्या वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच परिचारिकेकडे तितक्याच खाटा असतात. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना आठवेल की दुरुस्तीचा खर्च आणि भांडवली खर्च यांची गल्लत ही तत्त्वाची चूक मानली जाते. बेरीज जुळते, पण ताळेबंद खोटा ठरतो. सुगंध हा दुरुस्तीचा खर्च आहे. शिवाय रुग्णालयातील स्कॅनिंग यंत्राचा घसारा दरवर्षी नियमाने मांडला जातो. परिचारिकेच्या झिजेचे खाते मात्र कुठल्याच वहीत नसते.

मग भांडवली खर्च कोणता? त्याचे उत्तर अंकांत उपलब्ध आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण जास्त आला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. तिचा थकवा हा तिचा खासगी प्रश्न उरत नाही. तो खाटेवर झोपलेल्या आपल्या वडिलांचा प्रश्न होतो.

योगायोग असा की ग्रिफिथ विद्यापीठ ज्या क्वीन्सलंड राज्यात आहे, त्याच राज्याने पुढे हा खर्च प्रत्यक्ष करून पाहिला. १ जुलै २०१६ पासून तेथील ठरावीक सार्वजनिक रुग्णालयांच्या मेडिकल, सर्जिकल आणि मानसोपचार वॉर्डांत, सरासरीने दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असलीच पाहिजे, असा कायदा लागू झाला. तातडीचा विभाग त्यात नव्हता, हे सांगितले पाहिजे. दोन वर्षांनी कायदा लागू झालेल्या २७ आणि न झालेल्या २८ रुग्णालयांची तुलना झाली आणि ती २०२१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. वाढीव परिचारिकांवर दोन वर्षांत सुमारे ३ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाला. रुग्ण लवकर बरे होऊन घरी गेले, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले, आणि त्यातून वाचलेला खर्च सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलर निघाला. १४५ मृत्यू टळले असाही अंदाज त्यात आहे. डॉलरची वजाबाकी कुणीही करील. त्या १४५ घरांची किंमत मांडण्यास वहीत रकाना नाही.

आपल्या देशात खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानुसार केंद्र सरकारने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेचा पगार महिना २०,००० रुपयांहून कमी नसावा, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात तो राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा, अशी शिफारस समितीने केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. आणि जगाचे चित्र असे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या, तरीही ५८ लाखांची उणीव होती. ही उणीव भरून काढण्यास श्रीमंत देश आपल्याकडील मुलींना बोलावतात. त्या जातात, त्यांना दोष कसा द्यावा?

हे सर्व ध्यानात घेऊनही सुगंधाचा वापर करायचा असेल, आणि तो करण्यास हरकत काहीच नाही, तर काही पथ्ये पाळावी लागतात. वॉर्डात सुगंध पसरवणारे यंत्र लावण्याचा मोह टाळावा. दम्याच्या रुग्णाला तेच तेल त्रासदायक ठरते आणि केमोथेरपी चाललेल्या रुग्णाला एरवी आवडणाऱ्या वासानेही मळमळते. शिवाय परिचारिकेचे नाक हे तिचे एक उपकरण असते. मधुमेहाच्या रुग्णाच्या श्वासाला कुजलेल्या फळासारखा वास येऊ लागला, जखमेचा वास बदलला, कुठे तार जळाल्याचा वास आला, तर तो तिला प्रथम कळतो. सुगंधाने वॉर्ड भरून टाकणे म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर रेशमी का होईना, पट्टी बांधणे होय. त्यामुळे वापर वैयक्तिक असावा. रुमालावर एक-दोन थेंब, किंवा तैवानमधल्यासारखी छोटी बाटली, तीही विश्रांतीच्या वेळी किंवा पाळी संपल्यावर. लॅव्हेंडरने काहींना गुंगी येते. औषधाच्या मात्रेचा हिशेब करताना ती नको.

शुद्ध तेल थेट त्वचेवर लावू नये, पोटात तर घेऊच नये. कापूर, निलगिरी, पुदिना यांची तेले तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नेऊ नयेत. कापूर-निलगिरीने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे बालविभागात काम करणाऱ्या भगिनींनी विशेष जपावे. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापर करू नये. बाटली उघडी राहिली की हवेने लॅव्हेंडरमधील लिनालूल बदलते आणि त्याची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. बाजारात कृत्रिम द्रव्ये मिसळून वास सारखा करून विकलेले तेल भरपूर मिळते. थानाचा वरचा पट पाहून आतल्या मालाचा भरवसा जसा धरू नये, तसेच हे. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि उत्पादनाची तारीख नसेल, तर ती तिथेच ठेवून यावे. आणि २०२०-२१ च्या महामारीत ज्या परिचारिकांनी आपली गंधशक्ती गमावली, त्यांतील काहींची ती पूर्ण परतलेली नाही. त्यांना सुगंधाचा उपाय सुचवताना आधी चौकशी करणे हा साधा सभ्यपणा आहे.

या सभागृहात रुग्णालयांना देणग्या देणारी कुटुंबे आहेत, विश्वस्त म्हणून बैठकांना बसणारी मंडळी आहेत. यंत्रासाठी, इमारतीच्या मजल्यासाठी, संगमरवरी पाटीसाठी दान मागितले जाते आणि उदारपणे दिलेही जाते. पुढच्या वेळी धनादेशावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून पाहाव्यात. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात? आणि तिला पाठ टेकण्यासाठी दार लावता येईल अशी खोली आहे काय? हे प्रश्न देणगीच्या छापील अर्जात नसतात. अनेक ठिकाणी परिचारिका औषधांच्या खोक्यांमागे, स्टुलावर बसून डबा खातात. एक स्वच्छ खोली, आरामखुर्ची, पिण्याचे पाणी आणि ती खोलीत असताना तिच्या रुग्णांकडे पाहणारी एक बदली परिचारिका, यांतील पहिल्या तीन गोष्टींचा खर्च एका संगमरवरी पाटीहून फार जास्त नाही. चौथीचा खर्च दरमहा येतो; तो उचलण्यासाठी दोन-चार कुटुंबे एकत्र आली तर एका विभागाची रात्र हलकी होईल. मग त्या खोलीतील फळीवर लॅव्हेंडरची एक बाटली जरूर ठेवावी. तिचे झाकण घट्ट लावावे, आणि ती उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवावी.